छापील अंकाची वेबपाने: कणकवलीतील एका डीटीपी केंद्राचे काम

देवगड तालुक्यातील आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक गावात दोनशे प्रतींत भागतो. पण मुंबई-ठाण्याची चाकरमानी मंडळी तो मोबाइलवर मागतात. आजवर आम्ही त्यांना पीडीएफ पाठवत होतो. ए-फोर आकाराचे तीन स्तंभांचे पान मोबाइलवर उघडले की अक्षर मोठे करून पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते, आणि पहिला स्तंभ संपला की पुन्हा पानाच्या माथ्यावर जावे लागते. म्हणून यंदाच्या ९२ पानांच्या अंकाची वेबपाने करण्याचे काम कणकवलीतील एका लहानशा डीटीपी केंद्राकडे, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्या केंद्राकडे, दिले.

छापील पान पडद्यावर जसेच्या तसे दिसावे, शक्य झाल्यास ते पुस्तकासारखे उलटावे, अशी आमच्या कार्यकारिणीची इच्छा होती. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी ती ऐकून घेतली आणि स्पष्ट नकार दिला. छापील पानाची लांबी-रुंदी ठरलेली असते, वाचकाच्या पडद्याची नसते. त्यामुळे आधी मजकूर मोकळा करायचा, कोणते शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणती चौकट हे कोडमध्ये नोंदवायचे आणि मांडणी मग पडद्याच्या रुंदीवर सोडायची, असे त्यांनी समजावून सांगितले. या नकाराबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे.

अंकाची जुळणी पेजमेकरमध्ये होती. १९८५ साली आलेल्या या सॉफ्टवेअरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ सालची. आजच्या इनडिझाइनमध्ये, म्हणजे त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या फाइली थेट उघडत नाहीत. केंद्राने इनडिझाइनची एक जुनी आवृत्ती जपून ठेवली आहे, म्हणून मजकूर हाती लागला. तोही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला होता. अशा फॉन्टमध्ये देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसती रोमन अक्षरे आणि खुणा दिसतात. शिवाय ऱ्हस्व इकार जसा दिसतो तसा अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, हे दोन्ही क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमके उलट लागतात. हे रूपांतर यंत्राने बव्हंशी बरोबर केले. मात्र सह्याद्रीवरील लेखात ‘दऱ्या’ या शब्दाचे सर्वत्र ‘दर्या’ झाले होते. दोन्ही शब्द मराठीत आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काहीच वावगे दिसत नाही; आणि किनाऱ्यावरच्या वाचकाला डोंगरात समुद्र भेटतो. ताईंनी पहिली तपासणी स्वतः छापील अंक शेजारी ठेवून केली होती, तरी अशा सतरा जागा आम्हाला सापडल्या. दुसऱ्या माणसाची नजर या कामात लागतेच.

सर्वांत सुरेख काम झाले आहे ते बाळशास्त्री जांभेकरांवरील लेखाचे. त्यांचे पोंभुर्ले आमच्याच तालुक्यातले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकुराचे स्तंभ शेजारीशेजारी असत, म्हणून आमच्या लेखकाने नमुन्याचा उताराही तसाच दोन स्तंभांत लावला होता. पीडीएफमधून तो उचलला असता तर एक ओळ मराठी, एक ओळ इंग्रजी अशी भेळ झाली असती. केंद्राने परिच्छेदांच्या जोड्या लावल्या: संगणकावर ते समोरासमोर दिसतात, मोबाइलवर मराठी परिच्छेदाखाली त्याचाच इंग्रजी परिच्छेद येतो. ‘पुढील मजकूर पान ४१ वर’ अशा सूचना काढून तुटलेले लेख सलग केले. छापील ओळ भरावी म्हणून मध्येच मारलेले एंटर काढले, पण कवितांच्या ओळी अबाधित ठेवल्या. हा भेद यंत्रावर सोडून भागत नाही.

उणिवा दोन, आणि त्या लहान नव्हेत. माशांच्या मालवणी नावांचा तक्ता चित्र म्हणून चिकटवला होता. मोबाइलवर त्यातली अक्षरे मुंगीएवढी दिसत, ‘इसवण’ किंवा ‘पेडवे’ शोधले तर काही सापडत नसे, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने अंक ऐकणाऱ्या आमच्या एका दृष्टिहीन सभासदाला तिथे निव्वळ शांतता ऐकू आली. दुसरे, पानांच्या कोडमध्ये भाषेची नोंद मराठीऐवजी हिंदी होती. ही नोंद वाचकाला दिसत नाही, पण वाचणारे सॉफ्टवेअर आवाज तिच्यावरून निवडते आणि काही फॉन्ट मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ तिच्यावरूनच दाखवतात. दोन्ही चुका सांगितल्यावर आठ दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त झाल्या. तक्ता आता खरा तक्ता आहे.

पानामागे ७० रुपये दर पडला आणि काम पाच आठवडे चालले. चित्रे छपाईच्या ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) मूळ फाइलींतून मोबाइलसाठी हलकी करून घेतल्यामुळे, जिथे जेमतेम रेंज मिळते त्या आमच्या वाडीतही अंक उघडतो. पुढील अंकाचे काम याच केंद्राकडे देत आहोत. या वेळी लेखकांकडून मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच मागवला आहे आणि तक्ते वेगळ्या फाइलमध्ये द्यायचे ठरवले आहे.