एक्सच्या आकड्यावर जाऊ नका: लो व्हिजनची वाचनसाधनं, वापराच्या कसोटीवर

योग्य नंबरचा चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पर्यंत (निकोप डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) पोहोचत नसेल, तर त्याला लो व्हिजन म्हणतात. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात बहुतेक वेळा दोनच गोष्टी पुढे येतात: तळहाताएवढं गोल हातभिंग, नाहीतर पानभर मावणारं प्लास्टिकचं पातळ भिंग. दोन्ही स्वस्त, दिसायला भारी, आणि दोन्हींनी वर्तमानपत्र काही वाचून होत नाही.

पातळ पानभिंग सरळ टाळा. त्यावरच्या बारीक खाचांमुळे उजेड विखुरतो, काळं अक्षर राखाडी दिसतं. देवनागरीत त्याचा फटका जास्त बसतो, कारण अनुस्वाराचा टिंब आणि रफार आधी विरघळतात. रूळभिंग, म्हणजे ओळीवर ठेवायची काचेची पट्टी, फक्त उंची वाढवते. अक्षर ताणलेलं दिसतं, पण ओळ सुटत नाही. ज्यांची अडचण ओळ हरवण्याची आहे, त्यांनी ती घ्यावी.

गोल भिंगावर '१० एक्स', म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं, असं छापलेलं असतं, ते तपासून घ्या. खिडकीपासून तीन-चार मीटरवरच्या भिंतीसमोर भिंग धरा आणि खिडकीचं उलटं चित्र भिंतीवर स्वच्छ उमटेपर्यंत मागेपुढे करा. भिंतीपासून भिंगाचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. १०० ला त्या आकड्यानं भागलं की डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) मिळतात, त्यांना ४ नं भागलं की एक्स. अंतर १२.५ सेंमी भरलं, तर भिंग ८ डायॉप्टरचं, म्हणजे २ एक्स. खरं १० एक्सचं भिंग ४० डायॉप्टरचं असतं, कागदापासून अडीच सेंटीमीटरवर धरावं लागतं आणि आकारानं लहानच असतं. तळहाताएवढ्या काचेत तेवढी ताकद येऊच शकत नाही. काही कंपन्या भागाकारात १ मिळवून आकडा छापतात, म्हणून २० डायॉप्टरचं एकच भिंग कुठे ५ एक्स, कुठे ६ एक्स म्हणून विकलं जातं. दुकानात नेहमी डायॉप्टर विचारा.

किती ताकद लागेल, याचा पहिला अंदाज सोपा आहे. दूरच्या नजरेचा अपूर्णांक उलटा करा. ६/६० असेल तर ६० भागिले ६, म्हणजे १० डायॉप्टर. ६/३६ असेल तर ६. सलग वाचायला याहून थोडी जास्त ताकद लागते, ती जवळच्या तक्त्यावर वाचून ठरवतात.

आमच्या मते पैसे सर्वांत सार्थकी लागतात ते प्रिझम (किरणं वळवणारी पाचरीसारखी काच) असलेल्या अर्ध्या काचेच्या चष्म्यात. दोन्ही हात मोकळे राहतात आणि एका नजरेत भिंगापेक्षा जास्त शब्द मावतात. १० डायॉप्टरच्या काचेतून कागद १० सेंटीमीटरवर धरावा लागतो. एवढ्या जवळ दोन्ही डोळे आत वळवणं जड जातं, म्हणून काचेतच नाकाच्या बाजूला जाड कड असलेला प्रिझम घालतात. साधारण नियम असा की प्रिझमचा आकडा काचेच्या नंबरापेक्षा दोननं जास्त: १० ला प्रत्येक डोळ्याला १२. हे ठाऊक नसलेल्या ठिकाणी नुसता +१० चा चष्मा बनवून देतात. मग एकाची दोन अक्षरं दिसतात, डोकं चढतं आणि चष्मा कपाटात जातो. तयार चष्म्यात सिलिंडरचा (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठीचा) नंबर नसतो, तो मोठा असेल तर चष्मा बनवूनच घ्यावा लागतो. १२ डायॉप्टरच्या पुढे दोन्ही डोळ्यांचा हट्ट सोडून चांगल्या डोळ्यापुरती काच घ्यावी.

हा चष्मा फसतो तो बहुधा सवयीमुळे. माणूस कागद हातभर लांब धरतो आणि 'धूसर दिसतंय' म्हणतो. कागद आधी नाकाला टेकवा, हळूहळू लांब न्या, अक्षर स्वच्छ झालं की तिथेच थांबा. कोपरं टेबलावर टेकवा, मान न फिरवता कागद सरकवा. इतक्या जवळून वाचल्यानं डोळे बिघडत नाहीत, हे घरच्यांनाही सांगा. आणि ज्यांचा नंबर उणे १० च्या आसपास आहे, त्यांनी खरेदीआधी चष्मा काढून १० सेंटीमीटरवर वाचून पाहावं. त्यांचं काम फुकटात होऊ शकतं.

हात थरथरत असेल तर दिव्याचं स्टँडभिंग उत्तम, कागदावर ठेवलं की अंतर आपोआप जुळतं. पण यातून येणारी किरणं किंचित फाकलेली असतात, त्यामुळे चाळिशीपुढच्या माणसानं जवळचा चष्मा लावून किंवा बायफोकलच्या खालच्या भागातून पाहायचं. हातभिंग कागदापासून नेमक्या अंतरावर धरलं, तर उलट दूरचा भाग वापरायचा. ही अदलाबदल कुणी समजावून सांगत नाही, आणि चांगलं भिंग 'वाईट' ठरतं. शाळकरी मुलांना घुमटभिंग, म्हणजे पानावर ठेवायचं घुमटासारखं जाड भिंग, द्या. ताकद दोन एक्सच्या आसपास, पण उजेड गोळा करून पानावर टाकतं, बॅटरी लागत नाही. शर्टानं कोरडं पुसू नका, ओरखडे पडतात, साबणपाण्यानं धुवा.

टीव्हीसाठी जर्मनीच्या एशेनबाख कंपनीचा मॅक्स टीव्ही हा दुर्बिणीचा चष्मा चांगला: २.१ पट, प्रत्येक डोळ्याला अधिक-उणे ३ पर्यंत वेगळी जुळवणी. नंबर त्यापेक्षा मोठा असेल तर उपयोग कमी. तो लावून चालायचं नाही, अंतराचा अंदाज चुकतो.

काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) नजर नळीसारखी अरुंद झाली असेल, तर मोठं भिंग नुकसानच करतं. अक्षर मोठं झालं की त्या छोट्या खिडकीत कमी अक्षरं मावतात. अशांना उजेड, काळ्यावर पांढरं अक्षर दाखवणारा फोन आणि उन्हात नारिंगी छटेचा फिल्टर जास्त कामाला येतो.

आणि दिवा. तो कागदाजवळ, आधीच्या निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो, हा फायदा कुठल्याही काचेपेक्षा स्वस्त आहे. एलईडीचा वाकवता येणारा दिवा चांगल्या डोळ्याच्या बाजूनं, झाकण डोळ्यांच्या पातळीखाली ठेवून लावा. सोबत काळ्या पुठ्ठ्यात आडवी खाच कापून ओळीवर ठेवा. खाच दोन ओळींएवढी उंच हवी, नाहीतर वेलांटी आणि उकार कापले जातात.

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर केंद्राच्या एडिप (अपंगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून साधनं मिळू शकतात. उत्पन्नाची अट असते, अर्जाआधी बघून घ्या.

लो व्हिजन क्लिनिकमध्ये जाताना घरचं वर्तमानपत्र, पासबुक आणि औषधाची चंदेरी पट्टी घेऊन जा. पट्टीवरची मुदतीची तारीख रंगाशिवाय नुसती उठवलेली असते. त्या तारखेसाठी भिंगाच्या ताकदीपेक्षा दिवा तिरपा पडणं जास्त महत्त्वाचं ठरतं, तेव्हा दिवा कुठल्या कोनात ठेवल्यावर ती वाचता आली, हे तिथेच लिहून घ्या.