गाडीतला 40 लिटरचा फ्रिज: अर्धं वर्ष वापरल्यावर, सिल्व्हर्टनच्या कोमट दह्यासकट

लिटर, वॅट, कप्पे सगळं खोक्यावर छापलेलं आहे. मला बोलायचंय वायरीबद्दल. फ्रिजसोबत येणारी ती बारीक काळी वायर, टोकाला सिगारेट लायटरचा गोल प्लग.

जानेवारीच्या सुट्टीत अ‍ॅडलेडहून ब्रोकन हिल आणि तिथून 25 किलोमीटरवर सिल्व्हर्टन. 1880च्या दशकात चांदीपायी इथे तीनेक हजार माणसं राहायची. पुढे ब्रोकन हिलला त्याहून मोठा साठा निघाला, तेव्हा लोक गेले ते कित्येक घरंसुद्धा उचलून घेऊन गेले. आता एक पब, तुरुंगातलं संग्रहालय, चित्रकारांची काही दालनं आणि रस्त्यात ठाण मांडलेली गाढवं. पेट्रोल पंपही नाही. मुलांना गाव भयंकर आवडलं, गाढवांमुळे.

आईची संकष्टी होती. साबुदाण्याची खिचडी मोटेलवर करून घेतलेली, दही फ्रिजमध्ये. तुरुंग, पब असं रमतगमत दोन-तीन तासांनी गाडीशी आलो तर फ्रिज बंद. बाहेर चाळीस, आतला आकडा 19. दही कोमट, श्रीखंडाला पाणी सुटलेलं. "एवढ्या पैशात किती बर्फ आला असता रे," आई म्हणाली. हिशोब मी आधीच मनात केला होता, म्हणून जास्त लागलं.

ब्रोकन हिलला परतून कंपनीला फोन लावला. चार चाळीस झाले होते, पण हा भाग न्यू साउथ वेल्समध्ये असूनही घड्याळ दक्षिण ऑस्ट्रेलियाचं पाळतो. सिडनीत पाच वाजून गेलेले. ध्वनिमुद्रित बाई बोलली.

नंतरचे काही आठवडे कंपनी म्हणे गाडीचं सॉकेट खराब, गाडीवाले म्हणे फ्रिज खराब. शेवटी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.3 व्होल्ट, पण काँप्रेसर सुरू होताना फ्रिजच्या टोकाला जेमतेम 11. बाकीचे वायरीने खाल्ले. या फ्रिजला बॅटरी वाचवायचे तीन टप्पे आहेत आणि तो कारखान्यातून 'हाय'वर येतो: 11.1च्या खाली गेला की बंद, आणि 12.4 दिसल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. उभ्या गाडीत 12.4 कुठून येणार? हे माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत.

इथपर्यंत मी एक तारा देणार होतो. पण खरं सांगायचं तर त्या गावात फ्रिज चालू राहून बॅटरी उतरली असती तर गाडीला धक्का मारायला गाढवंच होती. बंद पडणं बरोबरच, फक्त फार लवकर. म्हणून 'मीडियम'वर ठेवा. 'लो' फक्त वेगळी दुसरी बॅटरी असेल तरच.

मेलमध्ये ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉचा उल्लेख केल्यावर कंपनीची भाषा एकदम मऊ झाली आणि जाड वायर फुकट आली. तरी गाडीची आतली वायर बारीकच. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून डिकीपर्यंत फ्यूजसकट जाड केबल आणि अँडरसन प्लग बसवून घेतला. मजुरी फ्रिजच्या निम्मी. ती जखम अजून ओली आहे. पण त्यानंतर फ्लिंडर्स रेंजेसला रात्रभर गाडी उभी होती, सकाळी दूध 4 अंशांवर आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. गोल प्लग मात्र खडबडीत रस्त्यावर आपोआप सुटायचा, तो प्रकारही संपला.

बाकी ठीक. आवाज नाही, झाकण घट्ट. ब्रोकन हिलहून अ‍ॅडलेडला परतताना ऊडला विराच्या तपासणी नाक्यावर फळमाशीमुळे टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या टाकाव्या लागतात, तेव्हा उगाच ठासून भरू नका.

साडेतीन तारे. अर्धा कापलाय तो मजुरीचा, एक वायरीचा. दुकानात सेल लागला तर घ्या, पूर्ण किमतीला नको.