हलकं बेस हेड: वॉट नंतर बघा, आधी ते कॅबवर टिकतं का बघा

हलक्या बेस हेडचे (हेड म्हणजे बेस गिटारचा अँप्लिफायर, स्पीकर त्यात नसतो) रिव्ह्यू सगळे एकाच चालीचे. किती वॉट, किती किलो, टोन उबदार की कोरडा. गेल्या गणपतीच्या तोंडावर मी माझं हेड घेतलं तेही असलेच रिव्ह्यू वाचून. आता पुढचा पावसाळा आलाय, मधल्या काळात हेड एकदा पडलं, एकदा मेलं आणि एकदा जिवंत झालं. त्यामुळे मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळाच आहे: ते कॅबवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, जागच्या जागी बसतं की नाही?

हसू नका, पुढे वाचा.

आधी माझा वापर सांगतो, म्हणजे कुठल्या चष्म्यातून लिहितोय ते कळेल. राहायला मुलुंडला. वाजवतो ते ऑर्केस्ट्रा, नवरात्र, लग्नातली संगीतं आणि महिन्या-दोन महिन्यांतून लोअर परळ किंवा खारच्या एखाद्या पबमध्ये मित्रांच्या बँडबरोबर. बेस पाच तारांचा. कॅब स्वतःचं एकच, बारा इंची, ८ ओमचं (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला अडथळा, तो जास्त तेवढे हेडमधून वॉट कमी निघतात), आणि ते बहुतेक वेळा घरीच असतं. स्टेजवर साउंडवाल्याचं जे येईल ते. आधीचं हेड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवालं होतं, त्यामुळे प्रत्येक शोला टॅक्सी. मानधनातले इतके पैसे टॅक्सीवाल्याला द्यायचे की घरी विचारायचे, तू बेस वाजवायला जातोस की गाडीत फिरायला. हलकं हेड घेतलं ते टोनसाठी नाही, लोकलसाठी. पाठीवर बेस, समोर सॅक, सॅकमध्ये हेड आणि डबा. दादरचा पूल संध्याकाळी सातला चढता येतो, एवढाच निकष होता आणि त्यावर ते शंभर टक्के उतरलं.

मॉडेलचं नाव लिहीत नाही. नाव आलं की चर्चा कंपनीवर घसरते आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. ५०० वॉट, क्लास डी (ते काय ते लगेच सांगतो), दोन किलोच्या आत, मधल्या किमतीचं. एवढं पुरे.

आता सरकण्याबद्दल. जुन्या हेडमध्ये वजन होतं ते ५० हर्ट्‌झवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं, आणि उष्णता घालवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधे रेंगाळतच नाही, म्हणून तापतो कमी. सप्लाय एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लाय, तो सेकंदाला हजारो वेळा स्विच होतो, म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. सगळं उत्तम. पण मागून जी स्पीकरची वायर येते ती मात्र पूर्वीइतकीच जाड आणि ताठ आहे. जुन्या पंधरा किलोच्या धुडाला ती वायर हलवू शकत नव्हती. दीड किलोच्या डब्याला ती आरामात मागे ओढते. त्यात मेन विजेची वायर, डीआयची (हेडमधून थेट मिक्सरला जाणारा आवाज) एक्सएलआर वायर, पुढून गिटारची लीड. चार वायरी चार दिशांना आणि मधे हा बिचारा. खालून कॅब थरथरतंय. खालची बी तार म्हणजे ३१ हर्ट्‌झ. ती लांबवली की रबरी पाय कॅबवर धरतच नाहीत. कॅबला वरून कार्पेट असेल तर थोडं बरं. गुळगुळीत रंग किंवा रेक्झिन असेल तर अंतऱ्यापर्यंत हेड वीतभर मागे गेलेलं असतं.

बोरिवलीला नवरात्रात तेच झालं. साउंडवाल्याचं चार दहाचं, म्हणजे दहा इंची चार स्पीकरचं कॅब, वरून चकचकीत काळा रंग. गरब्याचा वेग चढलेला, मी पुढे बघतोय, आणि आमचा कीबोर्डवाला डोळ्यांनी काहीतरी खुणावतोय. मला वाटलं स्केल बदलायची आहे. मागे बघतो तर कॅबवर हेडच नाही. ते कॅबमागे वायरीला लटकत होतं. स्पीकरच्या वायरीचा प्लग, स्पीकॉन, फिरवून लॉक होतो ना, त्यामुळे निघाला नाही. आणि लटकत लटकत वाजत होतं! एक नोट चुकली नाही. त्या क्षणी मला कंपनीचा अभिमान वाटला होता, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे भाषा बदलणार आहे. नुकसान काय, तर झोके खाताना कॅबच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटून मागच्या डाव्या कोपऱ्याला एक पोचा. हा पोचा लक्षात ठेवा.

त्यानंतर मी प्रत्येक हेड याच नजरेने बघायला लागलो. मित्रांकडे, दुकानात, पबमध्ये ठेवलेलं, सगळं. मार्कबासचं लिटल मार्क थ्री पावणेतीन-तीन किलोंच्या घरात, ४ ओमला ५०० आणि ८ ओमला ३०० वॉट. आवाजात मिड (मधले सूर) स्वच्छ, व्हीएलई नावाचा नॉब थोडा फिरवला की वरचा खणखणाट जातो आणि जुन्या हिंदी गाण्यांना बसेल असा गोल बेस मिळतो. पण मला आवडलं ते हे की ढकललं तरी पटकन हलत नाही. ॲग्विलारचं टोन हॅमर ५०० साधारण १.८ किलो. त्याचा ड्राइव्हचा नॉब वळवत गेलं की आवाज जाड होत जातो, मला तो फार आवडतो, पण सरकण्याच्या परीक्षेत काठावर पास. गॅलियन-क्रूगरचं एमबी २०० जेमतेम किलोभर. ट्रेस एलियटचं एल्फ तर पाऊण किलोच्या आत, २०० वॉटचं. त्याला लांब स्पीकर वायर लावायची म्हणजे वायरच त्याच्यापेक्षा जड. डार्कग्लास कंपनीच्या हेडबद्दल तरुण मंडळी मला ऐकवतील, पण त्यांचं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला आवाज) वापरायला मला ऑर्केस्ट्रात जागा नाही, त्यामुळे माझं मत तिथे बिनकामाचं. आणि ज्यांना जुनं ते सोनं वाटतं त्यांनी १९६९ सालचं अँपेगचं एसव्हीटी आठवावं: ३०० वॉट, सगळे व्हॉल्व (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्या), पस्तीस किलोंच्या वर वजन. ते सरकणार नाही. लोकलमध्ये चढणारही नाही.

उपाय माझा घरगुती आहे. स्वयंपाकघरातल्या खणात भांडी सरकू नयेत म्हणून अंथरतात ती जाळीदार रबरी शीट, मीटरवर मिळते. तिचा तुकडा हेडच्या मापाचा. शिवाय स्पीकरची वायर कॅबच्या हँडलमधून एक वेढा देऊन मग हेडला, म्हणजे ओढ हँडलवर जाते. हे दोन केल्यापासून हेड हललेलं नाही. तरी माझा राग आहेच. हजारो रुपयांच्या वस्तूला खाली चार चांगले रबरी पाय देता येत नाहीत? एक स्क्रूने बसवायचा पट्टा? बरोबर बॅगही नाही, ती वेगळी घ्या. तीही महाग. मी लॅपटॉपची जुनी सॅक वापरतो.

आता मरणाची गोष्ट. फेब्रुवारीत विरारकडे लॉनवर लग्न, सगळं जनरेटरवर. साउंडचेक झाला, जेवून आलो, हेडचा दिवा बंद. फ्यूज बदलला, काही नाही. कार्यक्रम बेस थेट मिक्सरला देऊन उरकला. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवलं. कुरियर माझ्या खर्चाने. बऱ्याच दिवसांनी मेल: फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही, बोर्ड बदलावा लागेल. आकडा हेडच्या किमतीच्या निम्म्याच्या वर, कर वेगळा.

फोन केला.

"सर, डेंट आहे ना युनिटला."

"अहो, तो नवरात्रातला. त्यानंतर सगळी लग्नसराई वाजलंय ते."

"पण डेंट आहे सर."

"डेंट मागच्या कोपऱ्याला आहे. आत काय तुटलंय ते सांगा ना."

"सर, पॉलिसी आहे."

पॉलिसी म्हटलं की बोलणं संपलं. परत मागवलं, परतीचं कुरियरही माझंच. त्या दिवसांत मी भेटेल त्याला सांगत होतो की क्लास डी म्हणजे वापरा आणि फेका. जुन्या अँपमध्ये कुठल्याही मेकॅनिकला ट्रान्झिस्टर बदलता यायचा, यात मात्र आत राईएवढे पार्ट आणि सगळंच बोर्ड. हे मत इथे अर्धं मागे घेतो.

कारण नंतर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे नेलं. झाकण उघडून त्यांनी पाचच मिनिटं बघितलं. मेन आत येतो तिथेच बोर्डावर सोल्डर केलेला दुसरा फ्यूज उडालेला, आणि त्याच्या शेजारी निळी चकती असते ती फुटून काळी.

"जनरेटरवर वाजवलं होतं?"

"हो."

"न्यूट्रल सुटला असणार. डेकोरेटरची पोरं घाईत जोडतात."

मग त्यांनी समजावलं ते असं. ती चकती म्हणजे एमओव्ही, व्हॅरिस्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर चढलं की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडतो, मागचं वाचतं. तीन फेजच्या सप्लायमध्ये न्यूट्रल ढिला झाला की २३० व्होल्टचे २३० राहत नाहीत. ज्या फेजवर लोड कमी, तिथे ३०० च्याही वर जाऊ शकतं. म्हणजे पार्ट त्याचं काम करून गेला होता, हेडमध्ये दोष नव्हता आणि पोच्याचा तर काडीचा संबंध नव्हता. दोन्ही पार्ट बदलले, आधी सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावून हेड चालू केलं, बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला, तसे काका म्हणाले, "घ्या, वाजवा." सातशे रुपये. आउटपुटचा भाग जळला असता तर काकांनीही हात वर केले असते, हे त्यांनीच सांगितलं. म्हणून मत अर्धंच मागे.

मधल्या काळात शो थांबत नाहीत, म्हणून वॉर्विकचं ग्नोम घेतलं होतं. तात्पुरतं, स्पेअर म्हणून. २०० वॉट, किलोभरही नाही, पुढे गेन, बास, मिड, ट्रेबल, मास्टर, बस्स. मिडला एकच नॉब, कुठला मिड ते निवडायची सोय नाही. दिसायला इतकं छोटं की पहिल्या शोला ढोलकीवाल्याने विचारलं, चार्जर कुठे लावायचा. आणि ते पुरलं. नुसतं पुरलं नाही, त्या महिन्यांत एकानेही विचारलं नाही की तुझं मोठं हेड कुठे गेलं.

याचं गणित मला आधी कळायला हवं होतं असं नाही, ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त विकत घेताना कुणी करत नाही. ५०० वॉट लिहिलेले असतात ४ ओमला. माझं कॅब ८ ओमचं. तिथे ते अडीचशे-तीनशे उरतात. २०० वाल्याचे सव्वाशे-दीडशे. म्हणजे फरक दुपटीचा, आणि दुप्पट वॉट म्हणजे ३ डेसिबल, आवाजाच्या मापात थोडीशीच वाढ. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. स्टेजवर जो फरक ऐकू येतो तो वॉटचा कमी आणि कॅबचा जास्त. त्यात नाट्यगृह शिवाजी मंदिर असो की आमचं मुलुंडचं कालिदास, प्रेक्षकांपर्यंत बेस जातो तो डीआयमधून साउंडवाल्याच्या मिक्सरला. आपलं कॅब म्हणजे आपल्याला आणि ऑक्टोपॅडवाल्याला ऐकू यावं एवढ्यासाठी. मग जास्तीच्या ३ डेसिबलसाठी मी दुप्पट पैसे का मोजले होते? मोकळ्या मैदानात, मॉनिटर धड नसताना, ५०० चा उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. खालची बी तार जोरात वाजवली की २०० वाल्याचा दम लागतो, तेही खरं. म्हणून आता नवरात्राला मोठं, बाकी सगळीकडे ग्नोम, आणि लग्नाला दोन्ही सॅकमध्ये. दोन्ही मिळून तीन किलो होत नाहीत. हा हलकेपणाचा खरा फायदा आहे आणि तो कुठल्याच रिव्ह्यूत मला सापडला नाही: स्पेअर बरोबर नेता येतो.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, पटापट. अमेरिकेतून मेहुणा आणणार असेल तर मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. काहींना मागे ११५/२३० चा खटका असतो, तो न बघता प्लग लावू नका. आणि तिथली वॉरंटी इथे चालेल हे गृहीत धरू नका. स्पीकर आउटपुट कुणालाही मिक्सरला किंवा डीआय बॉक्सला लावू देऊ नका. बऱ्याच क्लास डी हेडांत आउटपुट ब्रिज असतो, म्हणजे दोन्ही टोकं जिवंत. एक टोक अर्थला लागलं तर गेलं. डीआयची वेगळी जागा असते, तीच वापरा, आणि हम (गुणगुण) आला तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. जनरेटरवर असाल तर स्वस्तातला का होईना, मल्टिमीटर ठेवा. प्लग लावण्याआधी स्विचबोर्डावर किती व्होल्ट येतंय ते बघायचं, आणि जेवणानंतर लाईटवाल्याने लोड बदलला की परत बघायचं. मी हे करायला लागल्यापासून मंडपवाले मला इन्स्पेक्टर म्हणतात.

सर्व्हिस सेंटरला काकांनी काढलेल्या दोन्ही पार्टांचे फोटो पाठवले आणि लेखी विचारलं की कोपऱ्यातल्या पोच्याने व्हॅरिस्टर कसा फुटतो. उत्तर आलं, केस क्लोज्ड. जाण्या-येण्याच्या कुरियरचे मिळून दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे गेलेत. ते मी मागत राहणार आहे.