कार्डिओव्हर्जननंतरचे काही महिने: शॉक सोपा, गोळ्यांचं वेळापत्रक अवघड

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या आजारासाठी 'शॉक देऊन ठोके नियमित करू' (यालाच कार्डिओव्हर्जन म्हणतात) असं डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांना काळजी शॉकचीच लागते. दुखेल का, हृदय बंद तर पडणार नाही ना? काही महिने गेल्यावर हिशेब मांडला तर शॉक हा या सगळ्यातला सर्वांत छोटा भाग निघतो. खरी कसोटी आधीच्या ३ आणि नंतरच्या किमान ४ आठवड्यांची, आणि ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीची आहे.

फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला लागून एक पिशवीसारखा कोपरा असतो, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ठोक्यांचा नियमित ताल परत येऊन कप्पा पुन्हा जोर धरू लागला की ती सुटून मेंदूत जायची भीती असते. म्हणून त्रास ४८ तासांहून जुना असेल किंवा कधी सुरू झाला ते नक्की सांगता येत नसेल, तर आधी ३ आठवडे गोळी सलग घ्यावी लागते. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा आणखी कडक करून २४ तासांवर आणली आहे.

इथे 'सलग' या शब्दाला तडजोड नाही. गोळी वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) सगळे आठवडे २ ते ३ मध्ये हवा. मध्येच २ च्या खाली घसरला तर सहसा मोजणी पहिल्यापासून. एपिक्साबान ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी दिवसातून दोनदा असते आणि संध्याकाळचीच गोळी जास्त विसरली जाते. त्याच प्रकारच्या रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. एखादी गोळी चुकली असेल तर ते सांगून टाका, तारीख जाईल म्हणून लपवू नका. डॉक्टर तारीख पुढे ढकलतील किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री करतील.

प्रक्रियेच्या दिवशी घन अन्न ६ तास आणि साधं पाणी २ तास बंद. रक्त पातळ करणारी गोळी मात्र ठरल्या वेळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची. उपाशी राहायचं म्हणून तीही टाळणं ही नेहमी होणारी चूक आहे. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची किंवा साखरेची इंजेक्शनं यांबद्दल भूलतज्ज्ञांशी आधीच बोला. छातीला पावडर, तेल, क्रीम लावू नका. रक्तात पोटॅशियम कमी असेल तर ताल टिकत नाही आणि धोकाही वाढतो, त्यामुळे ते आधी तपासतात.

खोलीत गेल्यावर ईसीजीच्या तारा आणि दोन मोठे चिकट पॅड लावतात, एक छातीवर आणि दुसरा पाठीवर किंवा डाव्या कुशीला. केस जास्त असतील तर तेवढी जागा भादरतात, कारण पॅड नीट चिकटला नाही तर वीज आत कमी पोहोचते आणि त्वचा जास्त भाजते. पेसमेकर असेल तर पॅड त्यापासून दूर लावतात आणि नंतर पेसमेकर तपासून घेतात. शिरेतून काही मिनिटांची झोप देतात. मशीन ठोक्याशी जुळवून, म्हणजे ईसीजीवरच्या उंच टोकाच्या क्षणी, शॉक देतं. चुकीच्या क्षणी बसलेला शॉक खालच्या कप्प्यांचा ताल बिघडवू शकतो. आजच्या बायफेजिक (वीज दोन्ही दिशांनी देणाऱ्या) मशीनवर फिब्रिलेशनसाठी बहुधा १५० ते २०० ज्यूल वापरतात. पहिल्या शॉकने जमलं नाही तर ऊर्जा वाढवतात, पॅडची जागा बदलतात किंवा पॅड हाताने दाबून धरतात. यातलं काही रुग्णाला आठवत नाही.

जागं झाल्यावर पॅडच्या जागी लाली आणि जळजळ असते, छातीचे स्नायू दुखतात. हे दोन-तीन दिवसांत जातं. २४ तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नका.

आता निकालाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. त्या दिवशी ताल परत येण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे, साधारण दहातल्या नऊ जणांत. टिकण्याचं तसं नाही. वर्षभरात निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांत फिब्रिलेशन परततं, बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच. कार्डिओव्हर्जन ताल बदलतं, आजार नाही. रक्तदाब, वजन, झोपेत श्वास अडकणं, दारू आणि थायरॉइड यांकडे लक्ष दिलं नाही तर ते फार काळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. तरीही माझ्या मते ते करून बघण्यासारखं आहे, कारण नियमित तालात दम लागणं आणि थकवा खरोखर कमी होतो का ते कळतं. होत असेल तर पुढे अ‍ॅब्लेशनचा (ठोके बिघडवणारी हृदयातली जागा निकामी करण्याच्या उपचाराचा) विचार करायला आधार मिळतो. काहीच फरक पडला नाही तर नुसती गती आटोक्यात ठेवणं हाही योग्य मार्ग आहे.

दुर्लक्षित राहणाऱ्या दोन गोष्टी. फिब्रिलेशनमध्ये गती कमी करायला दिलेला बीटा ब्लॉकर नियमित तालात जास्त होऊ शकतो. नाडी ५० च्या खाली आणि चक्कर असेल तर डोस बदलावा लागतो. दुसरी, नियमित ताल टिकवण्यासाठी अमिओडारोन हे औषध सुरू केलं आणि सोबत वॉरफरिन असेल तर आयएनआर हळूहळू चढतो, त्यामुळे तपासणी वारंवार हवी. थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्याही चुकवू नका.

शॉकनंतर वरचा कप्पा काही आठवडे सुस्त असतो, म्हणून ठोके नियमित दिसले तरी गोळी ४ आठवडे बंद करता येत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून पुढे चालू ठेवायची का ते ठरतं, ताल कसा आहे यावरून नाही. अनेकांना ती कायमची लागते. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत जा.

घरी नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, १५ सेकंदांचा चौपट हिशेब अनियमित ठोक्यांत फसवतो. रक्तदाबाचं मशीनही अशा वेळी एकदा एक तर एकदा दुसरं दाखवतं. तीन मोजमापांची सरासरी घ्या. घरी जाताना शॉकआधीचा आणि नंतरचा ईसीजी मागून घ्या. किती ज्यूल लागले, पॅड कुठे लावले होते आणि फिब्रिलेशन परतलं असेल तर किती मिनिटांनी, तेही कागदावर लिहून घ्या. पुन्हा वेळ आली तर पुढचे डॉक्टर सुरुवात तिथूनच करतात.