पैसे भरून घेतलेली रिक्रूटिंग सेवा, १८ महिन्यांनंतर: ते 'पाहिलं' मला अजून खुपतं

गेल्या आठवड्यात क्रेडिट कार्डाचं बिल ओळीओळीने वाचलं आणि ३९ डॉलरची एक नोंद दिसली. मागची बिलं काढली, तिथेही तीच. सहा महिने, २३४ डॉलर. लेकीला कॉलेजच्या बास्केटबॉल संघात जागा मिळावी म्हणून, तिचा प्रोफाइल कॉलेज कोचेसपुढे ठेवणाऱ्या एका रिक्रूटिंग सेवेचं वर्षाचं पॅकेज मार्च २०२४ मध्ये १,९०० डॉलर भरून घेतलं होतं. वर्ष संपलं की विषय संपला, असं मी धरून चालले होते. तो 'प्रोफाइल चालू ठेवण्याचं' मासिक शुल्क म्हणून सुरूच राहिला. बंद करायला वेबसाइटवर बटण नाही, फोनच करावा लागतो, आणि फोनवरचा मुलगा आधी वरचं पॅकेज सांगतो. चाळीस मिनिटं बोलल्यावर एका महिन्याचे ३९ परत करायला तयार झाले. उरलेल्या १९५ साठी मी लेखी तक्रार केली आहे.

त्या रागात हे लिहायला घेतलं तेव्हा एकच तारा द्यायचं नक्की होतं. आता तेवढं नक्की नाही, का ते पुढे येईल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक २०२६ च्या बॅचची, म्हणजे त्या वर्षी हायस्कूल संपवणारी, पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारी), उंची ५ फूट ७ इंच. अशा सेवेत काय काय मिळतं ते या वाटेवरच्या पालकांना माहीत आहे, त्यामुळे ती यादी देत नाही. नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "कोचेसचे ईमेल कॉलेजच्या साइटवर असतात, त्यासाठी पैसे कशाला?" हट्ट माझा होता. आमच्या दोन्ही घरांत खेळावर कॉलेजला कोणी गेलेलं नव्हतं. विचारायचं कुणाला, म्हणून सल्लागार विकत घेतला.

माझी मुख्य तक्रार त्या रोजच्या ईमेलबद्दल आहे. "आज ३ कोचेसनी तुमच्या मुलीचा प्रोफाइल पाहिला." कोचचं नाव नाही, फक्त डिव्हिजन (कॉलेज खेळाच्या वन, टू, थ्री या तीन गटांपैकी कुठला) आणि राज्य. नावं बघायची तर वरचं पॅकेज, आणखी ६०० डॉलर. पहिले दोन महिने आम्ही ते ईमेल आनंदाने उघडायचो. मग जेवायला बसताना लेक आधी फोन बघायला लागली. आकडा ० असला की जेवण अर्ध्यावर. त्या उन्हाळ्यात सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. एका रात्री त्यांनी तिला विचारलं, "आज किती जणांनी पाहिलं गं?" तिने मान हलवली आणि ताट घेऊन उठली.

माझ्या लग्नाआधी माझे नऊ वेळा कांदेपोहे झाले. माणसं यायची, बघायची, "कळवतो" म्हणून जायची. मग आई आठवडाभर फोनकडे बघत बसायची. ज्यांनी कळवलं नाही त्यांना काय नापसंत पडलं ते कधीच समजलं नाही. माझ्या मुलीला ते दिवस बघावे लागू नयेत अशी माझी फार इच्छा होती. आणि इथे मी स्वतः पैसे मोजून तिच्यापुढे रोज तेच आणून ठेवत होते. ३९ डॉलरपेक्षा याचा त्रास मला जास्त झाला. १८ महिन्यांत २१२ वेळा 'पाहिलं', आणि त्यातल्या २०० हून अधिक वेळा पुढे काहीच नाही.

सेवेच्या सल्लागार बाई बोलायला चांगल्या, पण त्यांचा हिशेब फसवा होता. लेक दहावीत असताना तीन डिव्हिजन वन कॉलेजांकडून कॅम्पची, म्हणजे त्यांच्या खेळ शिबिराची, आमंत्रणं आली. बाई म्हणाल्या, हा इंटरेस्ट आहे. आम्ही एका कॅम्पला १२५ डॉलर भरले, हॉटेल वेगळं. तिथे नव्वदहून जास्त मुली होत्या. नियम मी नंतर वाचला. मुलीचं दहावीचं वर्ष संपेपर्यंत डिव्हिजन वनचे कोचेस तिला वैयक्तिक रिक्रूटिंग ईमेल पाठवूच शकत नाहीत. कॅम्पचं माहितीपत्रक आणि प्रश्नावली मात्र कधीही पाठवता येते. शिवाय कॉलेजचा कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. वय, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि एकूण संख्या, एवढीच मर्यादा घालता येते. म्हणजे ते आमंत्रण तिच्या नावाचं असलं तरी तिच्यासाठी नव्हतं. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि १,९०० डॉलर घेणाऱ्याने सांगायलाच हवं होतं.

हायलाइट व्हिडिओचंही तेच. त्यांनी करून दिला तो देखणा होता, संगीत, स्लो मोशन, सगळं. त्यात तिचे सात थ्री पॉइंटर (रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) होते, सगळे हायस्कूलच्या रेषेवरून, म्हणजे १९ फूट ९ इंचांवरून. महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२१-२२ पासून ती रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, जवळजवळ अडीच फूट मागे. एका डिव्हिजन टू कोचने तिच्या ईमेलला उत्तरात लिहिलं की पूर्ण मॅच पाठव, आणि चेंडू हातात नसताना तू डिफेन्समध्ये काय करतेस ते मला बघायचं आहे. त्याच आठवड्यात नवऱ्याने ड्राइव्हवेवर टेप मारून कॉलेजची रेषा आखली. पुढचे चार महिने ती रोज तिथून टाकत होती. सप्टेंबरात टेप निघाली, खडूने पुन्हा आखली. नवीन फिल्म आम्हीच ट्रायपॉडवर घेतली, दोन पूर्ण मॅचेस, संगीत नाही.

आकडेही लवकर सांगितले असते तर बरं झालं असतं. देशात हायस्कूलमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मुली बास्केटबॉल खेळतात, आणि शंभरातल्या साधारण चार एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) तिन्ही डिव्हिजन मिळून कुठेतरी पोचतात. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. दर वर्षी डिव्हिजन वनच्या हजाराहून जास्त मुली त्यात उतरतात. ज्या कोचला उद्या जिंकायचं आहे ती दोन वर्षं कॉलेज खेळलेल्या गार्डकडे आधी बघते, आणि मला त्यात तिची चूक दिसत नाही. बाईंनी आम्हाला 'प्रिफर्ड वॉक-ऑन'चा मार्ग सुचवला होता, स्कॉलरशिप नसली तरी संघात जागा. जून २०२५ मध्ये कोर्टाने कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलची ती मोठी तडजोड मंजूर केली, आणि ती स्वीकारलेल्या डिव्हिजन वन कॉलेजांत महिला बास्केटबॉलचा अख्खा संघच १५ जणींचा झाला. आधी १५ ही स्कॉलरशिपची मर्यादा होती, वॉक-ऑन त्यावर घेता यायच्या. मोकळी जागा होती ती तीच. ऑगस्टमध्येही आमच्या प्रोफाइलवरच्या 'योजने'त वॉक-ऑनचा सल्ला तसाच होता. मी फोन करून सांगितल्यावर काढला.

आता माझं मत बदललं ते कशामुळे. डिव्हिजन थ्री म्हणजे तिसरा दर्जा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, मग इतका खटाटोप कशाला, हा माझा प्रश्न. लेकीने मला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मॅचेस दाखवल्या. डिव्हिजन थ्रीचा संघ, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं एकही मॅच न हरता विजेता. त्यांचं पासिंग बघून मी गप्प बसले. शिवाय मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत तिथेही असते, आणि दर कॉलेजच्या साइटवर आपल्याला पडणारा खर्च काढायचं कॅल्क्युलेटर फुकट असतं. आमच्याकडे दोन कॉलेजांत तो आकडा सरकारी विद्यापीठाच्या जवळ आला.

जुलैच्या स्पर्धेत पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या कोच भेटल्या. लेकीच्या फिल्मची लिंक त्यांच्याकडे आधीच होती. मी विचारलं, कुठून मिळाली? त्यांनी याच सेवेचं नाव घेतलं. त्या तिथे शोध लावतात तो असा: २०२६, गार्ड, जीपीए (मार्कांची सरासरी) ३.७ च्या वर, विषय बायोलॉजी. व्हिडिओ नंतर. जीपीए आणि विषयाचे ते दोन रकाने मी पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत भरले होते आणि विसरून गेले होते. नंतर त्यांनी ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रिका) मागवून प्रवेश मिळेल का ते ॲडमिशन ऑफिसकडून आधीच बघून घेतलं, आणि उत्तर चांगलं आलं.

घरी येऊन मी जुने ईमेल चाळले. फेब्रुवारीतली एक ओळ: "डिव्हिजन थ्री, पेनसिल्व्हेनिया." त्याच त्या होत्या असं मी शपथेवर म्हणणार नाही, पण त्या राज्यातून पाहिल्याची नोंद तेवढी एकच आहे. म्हणजे २१२ मधलं जे एक 'पाहिलं' खरं होतं, त्याचं नाव त्यांनी ६०० डॉलरच्या मागे ठेवलं. तेव्हा कळलं असतं तर तिने फेब्रुवारीतच त्यांना लिहिलं असतं, आणि वसंतातला तो महिना, जेव्हा ती चेंडूला हात लावत नव्हती, बहुधा आला नसता.

तरी शोध चालला, हे खरं आहे, म्हणून एकाचे दोन तारे करते. कुणी विचारलं तर सांगेन की सर्वांत स्वस्त किंवा फुकटचा प्रोफाइल करा, मार्क आणि विषय नीट भरा, रोजचे ते ईमेल मुलीच्या पत्त्यावर लावू नका. कोचला ईमेल मुलीनेच लिहायचा: चार ओळी, पूर्ण मॅचची लिंक, पुढच्या स्पर्धेत कुठल्या कोर्टवर किती वाजता. लेकीने असे ४६ पाठवले. ११ उत्तरं आली. सहा 'नाही' होती, पण नावानिशी आणि कारणासकट.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही ते कॉलेज बघायला जातोय. १९५ डॉलरचं अजून उत्तर नाही. आलं की इथेच खाली लिहीन.