घरच्या बैठकीसाठी व्हिस्की घेताना: बर्बन, आयरिश, स्कॉच की आपली सिंगल माल्ट?

घरी मित्र जमणार असतील तर बाटली कुठल्या देशाची हे नंतर बघा. येणारे त्यात काय घालून पिणार, ते आधी ठरवा. नाशिकच्या बैठकीत निम्मे लोक सोडावाले असतात आणि एखादा तरी वाइन पिणारा निघतोच.

सोडावाल्यांसाठी मी आयरिशपेक्षा अमेरिकेची बर्बन घेईन. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. त्यामुळे व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेची चव इतकी ठळक उतरते, की बर्फ-सोड्यातही ती टिकते. आयरिश बहुधा तीनदा ऊर्ध्वपातित केलेली, म्हणून घशाला मऊ. पहिल्यांदाच चव घेणाऱ्याला तीच द्यावी, पण चमचाभर पाण्यासोबत. सोडा ओतला की ती फिकी पडते. कांदा घालून लिंबू पिळलेल्या तिखट चिवड्यासमोरही तिचं काही चालत नाही. तिच्यासोबत साधे भाजलेले काजू ठेवा.

स्कॉचमध्ये खरी निवड धुराची आहे. सगळ्या स्कॉच धुरकट नसतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइग, आर्डबेग यांच्यासाठी बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या, धुरावर वाळवतात, आणि ग्लास नाकाशी नेताच आयोडिनसारखा वास येतो. मला तो मनापासून आवडतो, डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत तर फारच. तरीही पाहुण्यांसाठी एकच बाटली आणायची असेल तर ही आणू नका. ज्याला हा वास झेपत नाही, तो ग्लास तसाच ठेवून देतो. सोड्यासाठी महागडी सिंगल माल्ट आणण्यातही अर्थ नाही, चांगली ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेली, पुरते.

आता आपली सिंगल माल्ट. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कींत बहुतांश मळीपासूनचं स्पिरिट असतं. सिंगल माल्ट मात्र एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, बार्लीची. बंगळुरूच्या ‘अमृत’ने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत बाजारात आणली, यातच तिचा आत्मविश्वास दिसतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूच्या हवेत १० टक्क्यांच्या आसपास. उष्णतेत लाकडाची चवही लवकर उतरते. त्यामुळे लेबलवर १२ वर्षं लिहिलेली स्कॉच आणि वयाचा आकडा नसलेली भारतीय बाटली यांत नुसत्या वयावरून निवड करू नका. आपल्या दिंडोरीत बनणारी ‘लॉन्जिट्यूड ७७’ बर्बनच्या पिंपात मुरवून शेवटी वाइनच्या पिंपात ठेवतात. वाइन पिणाऱ्या पाहुण्याला व्हिस्कीकडे वळवायचं तर मी हीच पुढे करेन.

दोन बाटल्यांची ऐपत असेल तर एक बर्बन, एक भारतीय सिंगल माल्ट. एकच घ्यायची तर भारतीय. धुरकट स्कॉच ज्याला आवडते, त्याच्यासोबत वेगळं बसा.

खास ग्लास विकत घ्यायची गरज नाही. वायनरीतून आणलेले तोंडाशी निमुळते वाइन ग्लास घरात असतातच. त्यात ३० मिली ओतून दोन मिनिटं थांबा, वास घ्या, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा घ्या. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, तेवढं सांभाळा. गाडी घेऊन आलेल्यांची रात्रीची अंथरुणं बाटली उघडायच्या आधीच घालून ठेवा.