खोली दहा बाय दहाची: मॉनिटर घ्यावेत की हेडफोन?

टेक्नो (इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत) करणाऱ्या एका मित्राने विचारलं, पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. पाच इंची मॉनिटरची (स्टुडिओ स्पीकरची) जोडी घेऊ की ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन? खोक्यावर 'फ्लॅट साउंड' (काहीही कमी-जास्त न करता वाजणारा आवाज) दोन्हीकडे छापलेलं असतं, ते सोडून देऊ.

खरी गोची बेसची. दहा फुटी भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा खोल आवाज अडकून घुमतो आणि टेक्नोचा किक (ड्रमचा मुख्य ठोका) नेमका त्याच्याच आसपास असतो. खोलीच्या मध्यावर बसलात तर किक गायब, भिंतीला टेकलात तर नुसता धबधब. मग तुम्ही किकला नाही, खोलीला ईक्यू (बेस-ट्रेबल कमी-जास्त करणं) लावत बसता. उपाय म्हणजे कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड बेस ट्रॅप, म्हणजे बेस शोषणारे गठ्ठे; तो खर्च मॉनिटरच्या किमतीतच धरा. (अंड्यांचे ट्रे लावू नका, बेस त्यांना जुमानत नाही.) हेडफोनला खोलीची भानगडच नाही. ओपन-बॅकवर सब (सगळ्यात खोल बेस) जरा कमी येतो, पण रोज तितकाच कमी, कान सरावतो.

स्टिरिओत मात्र मॉनिटर सरस. हेडफोनवर डावं फक्त डाव्याच कानात जातं, पॅनिंग (आवाजांची डावी-उजवी मांडणी) उगाच रुंद वाटतं. रिव्हर्बही (घुमाराही) ठळक ऐकू येतो, म्हणून आपण हात आखडतो आणि बाहेर मिक्स कोरडं वाजतं.

भाड्याची खोली, रात्रीचं काम असेल तर हेडफोन. किक-बेस मात्र गाडीत वाजवून तपासा. ट्रॅपसाठी भिंतीत खिळे ठोकायची मुभा आणि दिवसा वेळ असेल, त्यातून अँबियंट (संथ, वातावरण उभं करणारं संगीत) करत असाल, तर मॉनिटर.